एकट्याचे जग, सर्वांचा सर्व्हर

एकट्याने खेळायच्या फँटसी रोलप्लेइंग गेममध्ये सारे काल्पनिक जग एकाच खेळाडूच्या कृतींना उत्तर देते. १९९४च्या ‘अरेना’पासून सुरू झालेली ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही मालिका याचे ठळक उदाहरण आहे. ‘मोरोविंड’ (२००२), ‘ओब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (२०११) हे तिचे गाजलेले गेम. असा गेम लोकप्रिय झाला, की त्याचे जग हजारो खेळाडूंसाठी ऑनलाइन खुले करावे अशी मागणी होते. ही मागणी मान्य केल्यास त्या गेमचा प्राणच जातो. सोबत हवी असेल तर ती देण्याचे याहून चांगले मार्ग आहेत.

मागणीच्या बाजूने मुख्यतः चार मुद्दे मांडले जातात. पहिला, या प्रकाराचे मूळच सामूहिक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४चा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मंडळी जमवून खेळायचा खेळ होता. दुसरा, संगणकाने चालवलेली पात्रे तीच तीच वाक्ये बोलतात. खरी माणसे आली की जगात जिवंतपणा येतो. तिसरा, एकट्याची कथा कधीतरी संपते, ऑनलाइन जग मात्र नव्या भरीवर वर्षानुवर्षे चालते. चौथा, ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ २०१४ मध्ये आला आणि टिकला. तेव्हा हे शक्य आहे हे सिद्धच झाले.

पहिल्या मुद्द्यात इतिहास खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. टेबलावरच्या खेळात एक डंजन मास्टर असतो. कोणी काय केले हे तो लक्षात ठेवतो, गरज पडली तर कथा थांबवतो, खेळाडूंच्या निर्णयानुसार तिला वळण देतो. जग त्या मंडळींपुरते घडते आणि बदलते. हजारो अनोळखी लोकांच्या सर्व्हरवर असा सूत्रधार नसतो. एका गटाने मारलेला राक्षस थोड्या वेळाने पुढच्या गटासाठी पुन्हा उभा राहतो, कारण तो तसा उभा राहिला नाही तर पुढच्यांना करायला काही उरत नाही. टेबलाचा खरा वारसा केलेल्या कृतीचा परिणाम टिकण्यात आहे. तो एकट्याच्या गेमने अधिक जपला.

दुसऱ्या मुद्द्याची कसोटी ‘अल्टिमा’ मालिकेत लागली. रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा ४’मध्ये (१९८५) कोणी महाखलनायक नव्हता, खेळाडूने आठ सद्गुण आचरणात आणणे हेच ध्येय होते. त्याच जगावर १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ उभा राहिला. त्यासाठी वनस्पती, हरणे, लांडगे यांची परस्परावलंबी जीवसाखळी योजली होती. खेळाडूंनी दिसेल तो प्राणी मारला आणि ती साखळी टिकली नाही. गावाबाहेर नवख्यांच्या हत्या इतक्या वाढल्या, की २०००मध्ये जगाची दोन भागांत विभागणी करून एका भागात अशा हत्यांना बंदी करावी लागली. माणसे आली तशी गजबज आली, पण सद्गुणांची कथा मागे पडली.

याची उलट बाजू ‘फॉलआउट ७६’मध्ये (२०१८) दिसली. ‘स्कायरिम’च्याच निर्मात्यांनी, बेथेस्डाने, त्यात संगणकी मानवी पात्रे ठेवलीच नाहीत, भेटेल तो माणूस दुसरा खेळाडू असेल, अशी कल्पना होती. जग ओसाड वाटले. एप्रिल २०२०च्या ‘वेस्टलँडर्स’ या अद्ययावत आवृत्तीत संवाद, मैत्री आणि वैर करणारी पात्रे आणावी लागली. लिहिलेल्या पात्राची जागा खेळाडू घेऊ शकत नाही, कारण तोही स्वतःची कथा शोधायलाच आलेला असतो.

तिसरा मुद्दा आयुष्याचा. ऑनलाइन जग सर्व्हर चालू असेपर्यंतच जगते. ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ डिसेंबर २०११ मध्ये आणि ‘सिटी ऑफ हीरोज’ नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला, तेव्हा खेळाडूंनी घडवलेली पात्रे आणि घरेही गेली. ‘मोरोविंड’ मात्र आजही संगणकावर चालतो. त्याच्या जगाचा उरलेला मुख्य भूभाग ‘टॅमरिएल रीबिल्ट’ या प्रकल्पातले स्वयंसेवक दोन दशकांहून अधिक काळ बांधत आले आहेत. ‘स्कायरिम’साठी फेरबदलांची साधने २०१२ मध्ये खुली झाली आणि असंख्य मॉड तयार झाले. सामायिक सर्व्हरवर नियम सर्वांना एकच ठेवावे लागतात. तिथे हे स्वातंत्र्य मिळत नाही.

चौथा मुद्दा उलट बाजूचाच पुरावा ठरतो. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ झेनिमॅक्स ऑनलाइन या वेगळ्या स्टुडिओने बनवला आणि त्याची कथा ‘स्कायरिम’च्या सुमारे हजार वर्षे आधी ठेवली. एकट्याचा कोणताही गेम त्यासाठी मोडला गेला नाही. तरीही त्याच्या मुख्य कथेत प्रत्येक खेळाडू आत्मा हिरावला गेलेला निवडलेला नायक असतो, आणि गेममधल्या बाजारात तसे शेकडो निवडलेले नायक एकमेकांशेजारून धावतात.

आता मंडनाची बाजू. ‘स्कायरिम’मध्ये साम्राज्य आणि स्टॉर्मक्लोक नावाचे बंडखोर यांच्यात यादवी चालू असते. खेळाडू स्टॉर्मक्लोकांच्या बाजूने लढला, तर व्हाइटरन शहर पडते आणि तिथला यार्ल, म्हणजे शासक, बाल्ग्रूफ पदच्युत होतो. साम्राज्याच्या बाजूने लढला, तर बाल्ग्रूफ गादीवर राहतो. ऑनलाइन जगात अर्धे लोक एका बाजूचे, अर्धे दुसऱ्या बाजूचे असताना ते शहर कोणाचे? एक तर निकाल कायमचा लांबवावा लागतो, नाहीतर प्रत्येकाला वेगळे शहर दाखवावे लागते. मग शेजारी उभा असलेला मित्र वेगळ्याच जगात असतो. काळाचेही तसेच. ‘स्कायरिम’मध्ये सामानाची यादी उघडली की लढाई थांबते, विचार करता येतो, मागच्या नोंदीवर परतता येते. सामायिक काळ एकासाठी थांबत नाही. ‘फॉलआउट ३’मध्ये नेम धरताना काळ थांबवणारी व्हॅट्स ही सोय होती, ‘फॉलआउट ७६’मध्ये ती आली तेव्हा काळ चालूच ठेवावा लागला.

मित्रांसोबत साहस करण्याची इच्छा मात्र पूर्ण रास्त आहे. मोठ्या मोहिमेत अनेकांनी मिळून मिळवलेला विजय एकट्याच्या गेमला देता येत नाही. तो आनंद हवा असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, ऐच्छिक आणि मोजक्यांची सोबत. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) चौघांना एकत्र खेळता येतो, पण तीच संपूर्ण कथा एकट्यालाही तितकीच खुली असते. खेळाडू चारच असल्याने निर्णयांचे परिणामही टिकतात. दुसरा, हजारोंसाठी स्वतंत्र गेम, वेगळ्या स्टुडिओकडून, वेगळ्या कालखंडात, आणि मुळापासून सामूहिक नियमांवर रचलेला.

म्हणून निर्मात्यांनी कसोटी एकच ठेवावी: सोबत जोडल्यावर एकटा खेळाडू काळ थांबवू शकतो का, त्याने घडवलेला बदल टिकतो का, आणि सर्व्हर बंद पडल्यावर त्याचे जग उरते का. तिन्हींचे उत्तर होय असेल तर मल्टिप्लेअर ही भर ठरते. एकाचेही उत्तर नाही असेल, तर त्या गेमला एकट्याचाच राहू द्यावे आणि सामूहिक जगासाठी नवा गेम रचावा.