मागच्या सीटवर बसून बघा

२०२४ मध्ये मर्सिडीज-बेंझने भारतात १९,५६५ गाड्या विकल्या. बीएमडब्ल्यूने मिनी धरून १५,७२१. हुबळी-धारवाडच्या ग्राहकाने ही क्रमवारी पाहून गाडी निवडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच वर्षी लांब व्हीलबेसची बीएमडब्ल्यू ५ सिरीज आली आणि पाठोपाठ मर्सिडीजची नवी ई-क्लासही. पहिली चेन्नईत जोडली जाते, दुसरी आपल्याच महामार्गाने गाठता येणाऱ्या पुण्याजवळच्या चाकणला. दोन्ही मागे बसणाऱ्या मालकासाठी बनवलेल्या. पाय पसरायला ऐसपैस जागा. पण व्हीलबेस वाढला की उंच स्पीडब्रेकरवर गाडीचे पोट घासण्याची धास्तीही वाढते, आणि हुबळीच्या दुर्गदबैल बाजाराच्या गर्दीत तिला वळवताना ड्रायव्हरचा कस लागतो. आपल्याकडच्या बहुतेक घरांना उंच एसयूव्हीच जास्त सोयीची, असे आम्हाला वाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा सेस हटला, पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आला. त्यामुळे कराचा बोजा हलका झाला, म्हणून घाई मात्र नको. टेस्ट ड्राइव्हला चावी ड्रायव्हरकडे द्या, आई-वडिलांना मागे बसवा, आणि गाडी थेट तुमच्या घराच्या गल्लीपर्यंत न्या.