दुभाषा म्हणजे पहारेकरी नव्हे

लिनक्स स्वीकारले की संगणक आपोआप निर्धोक होतो, असा गोड भ्रम मुक्त प्रणालीच्या समर्थकांत रुजला आहे. १९९३ साली सुरू झालेल्या ‘वाइन’ प्रकल्पामुळे विंडोजच्या आज्ञावली लिनक्सवर चालू लागल्या. मक्तेदारीला बसलेला तो शह निःसंशय मोलाचा. परंतु वाइन हा दुभाषा आहे, पहारेकरी नव्हे. त्यातून चालणाऱ्या आज्ञावलीला वापरणाऱ्याचे सारे अधिकार लाभतात. ‘झेड’ ड्राइव्हच्या दारातून तर अवघी फाइलव्यवस्था तिच्या दृष्टीस पडते. ते दार काढून टाकले तरी ती थेट लिनक्सच्या गाभ्याशी बोलू शकते. मग सभासदांच्या याद्या व वर्गणीचे हिशेब ज्या खात्यात, त्याच खात्यात कुठून तरी मिळालेली चोरटी प्रत चालवणे याला काय म्हणावे? वाइन ‘रूट’च्या अधिकाराने कदापि चालवू नये. परक्या आज्ञावलीला स्वतंत्र खाते द्यावे. संशय असेल तर जाळ्यापासून तोडलेले आभासी यंत्रच द्यावे. मुक्त प्रणालीचे बळ तपासण्याच्या हक्कात आहे. तो हक्क नाकारणाऱ्या पाहुण्याच्या हाती घराच्या किल्ल्या देणे हे स्वातंत्र्य नव्हे, निव्वळ गाफीलपणा होय!