पादाभ्यंग आणि गर्भिणी

गेल्या श्रावणांत अंबरनाथास आमच्या शेजारच्या घरीं लेक पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली. आठवा महिना, पाय सुजलेले. आईनें रोज तेलानें तळवे चोळण्याचा क्रम ठेविला. वहिनीनें तळव्यांवरील बिंदू दाबण्याच्या विद्येचें पुस्तक आणिलें.

पादाभ्यंग आपणांस नवा नाहीं. त्यानें पायांचा रुक्षपणा, ताठरपणा व श्रम दूर होतात, असें चरकानें सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे. बिंदूंचा नकाशा मात्र अलीकडचा. अमेरिकेंतील युनिस इंगहॅम या बाईंनीं १९३८ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. अमुक बिंदू दाबल्यानें अमुक इंद्रिय सुधारतें, यास शरीरशास्त्रांत आधार नाहीं. हलक्या हातानें चोळल्यास गर्भिणीस आराम वाटतो, एवढें खरें.

परंतु सूज नेहमींच श्रमाची नसते. त्या मुलीचें डोकें ठणकूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी आली. आईनें तेलाची वाटी ठेवून तिला तत्काळ डॉक्टरांकडे नेलें. रक्तदाब फार वाढलेला निघाला. वेळींच उपचार झाले म्हणून आज मायलेकरें सुखरूप आहेत.

गृहिणींनीं एवढें ध्यानांत धरावें. चेहरा वा हात अकस्मात् सुजणें, डोकें सारखें दुखणें, दृष्टि अंधुक होणें, बरगड्यांखालीं कळा येणें, यांपैकीं कांहींही झाल्यास क्षणाचाही विलंब नको. प्रसूतीपूर्वीं वा नंतर एकच पोटरी सुजून गरम व दुखरी झाल्यास ती मुळींच चोळूं नये; शिरेंत रक्ताची गांठ असण्याचा संभव असतो, आणि ती सुटून फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेततें. अशा वेळीं आधीं डॉक्टर, मग तेल. एरवीं रात्रीं कोमट तेलानें तळवे अवश्य चोळावे.