एकबाजू चिमटा आणि अलंकाराची लाज

मोटारसायकलचे मागचे चाक ज्या भागाने चासीला जोडलेले असते त्याला इंग्रजीत स्विंगआर्म म्हणतात; आपल्याकडच्या गॅरेजांत त्याला चिमटा म्हणतात. शब्द नेमका आहे. दोन पात्यांत निखारा धरावा तसे दोन बाहूंत चाक धरलेले असते. यांतला एक बाहू काढून टाकला आणि उरलेल्या एकावरच चाक तोलले की झाला 'सिंगल साइडेड स्विंगआर्म'. एका पात्याचा चिमटा हा खरे तर वदतोव्याघात आहे, आणि कदाचित म्हणूनच तो पाहणाऱ्याला खिळवून ठेवतो. मोकळ्या बाजूने पाहिले तर चाक कशालाही न जोडता हवेत फिरत आहे असा भास होतो.

आपल्या गाडीचा मूळ चिमटा उतरवून तेथे होंडा, डुकाटी किंवा ट्रायम्फच्या एखाद्या गाडीचा असा एकबाजू चिमटा बसवणे, हा हौशी फेरबदलांच्या जगातला मोठ्या प्रतिष्ठेचा प्रकार आहे. मराठी शिकवणाऱ्यांनी याविषयी लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, या विषयावर जे दोन पक्ष हिरीरीने भांडतात ते दोघेही आमच्या शास्त्रातले शब्द वापरतात आणि दोघेही ते चुकीचे वापरतात. आमच्याच क्षेत्रातली काही मंडळी तर यांतल्या पहिल्या पक्षात सामील होऊन 'हा नुसता अलंकार आहे' असे म्हणतात, ते तुच्छतेने. अलंकारशास्त्राच्या दीड हजार वर्षांच्या परंपरेवर पोट भरणाऱ्यांनी 'नुसता अलंकार' ही शिवी म्हणून वापरावी, हे आम्हांला गंमतीचे वाटते.

दुसरा पक्ष चिमटा बसवणाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे, हा अलंकार नव्हेच. याने गाडी हलकी होते, वळणावर चांगली बसते, हे शर्यतीचे तंत्र आहे. म्हणजे अलंकाराची लाज दोघांनाही आहे. एक त्याला हिणवतो, दुसरा त्याला उपयुक्ततेची वस्त्रे नेसवतो.

मुळात ही रचना अलंकार म्हणून जन्मलीच नाही. १९४६ साली इटलीत पियाज्जोने व्हेस्पा आणली. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हा विमानांचा अभियंता. पुढचे चाक त्याने विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले. याच वंशातली चेतक पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून महाराष्ट्रभर पसरली. पंक्चर झाले की गाडी कलती करायची, काही नट सोडवायचे, चाक बाजूला ओढून काढायचे आणि स्टेपनी चढवायची, हा विधी आमच्या पिढीतल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घराला पाठ होता. एका बाजूने धरलेले चाक म्हणजे काय हे ज्याने चेतकचे चाक बदलले आहे त्याला नव्याने सांगावे लागत नाही. तिला कोणी 'विदेशी सौंदर्य' म्हटले नाही. ती मंडईत जाऊन भाजी आणत होती.

१९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस या गाडीवर एकबाजू बाहू दिला. तेथे चेन नाही, शाफ्ट आहे, आणि तो शाफ्ट बाहूच्या पोटातूनच जातो. एक बाहू आधीच भक्कम करावा लागत असेल तर दुसरा कशाला, असा तो सरळ हिशेब. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत कारण वेगळे होते. तेथे मागचे चाक शर्यत चालू असताना बदलावे लागते आणि तेथे सेकंद मोजले जातात. एकबाजू रचनेत चेन, स्प्रॉकेट आणि चेनचा ताण यांना हात न लावता चाक निघते. फ्रान्सच्या एल्फ कंपनीच्या प्रयोगांतून होंडाने ही रचना घेतली, 'प्रो-आर्म' म्हणून वाढवली, आणि व्हीएफआर ७५० आर म्हणजे आरसी३० या गाडीच्या रूपाने १९८७ पासून ती विकायला ठेवली. ज्याला रस्त्यावर चाक कधीच घाईने बदलायचे नाही अशा गिऱ्हाइकाच्या हाती ती पडली, त्या क्षणी कारण गळून पडले आणि खूण उरली.

खूण किती बलवान होऊ शकते याचा दाखला डुकाटीचा आहे. मास्सिमो ताम्बुरिनीची ९१६ ही १९९४ ची गाडी. तिचा एकबाजू चिमटा आणि मोकळे दिसणारे मागचे चाक यांनी एका पिढीच्या मनात मोटारसायकलची प्रतिमाच ठरवून टाकली. तिच्या जागी पिएर टेरब्लांशची ९९९ आली आणि तिला दोन बाहूंचा साधा चिमटा होता. ही गाडी दुबळी होती काय? तिच्यावर बसून २००३, २००४ आणि २००६ या तीन वर्षी स्वारांनी जागतिक सुपरबाइक अजिंक्यपद मिळवले. तरीही चाहत्यांनी तिला मनाने स्वीकारले नाही. तिच्या चेहऱ्यावर टीका झाली, तशीच चिमट्यावरही झाली. २००७ च्या १०९८ वर कंपनीने एकबाजू चिमटा परत आणला.

'आकार हा कार्यातून यावा' असे म्हणणाऱ्या पहिल्या पक्षाने या घटनेचे काय करायचे ते सांगावे. लोक अडाणी, म्हणून दिखाऊपणाला भुलले, हे त्यांचे ठरलेले उत्तर आहे. आम्हांला ते मान्य नाही. लोक गाडी वाचत होते. त्यांना त्या एका बाहूत वंश, पूर्वीची कृती, तिचा रचनाकार हे सगळे दिसत होते. संकेताला कार्याबाहेरचा अर्थ प्राप्त होतो आणि तो अर्थ खरा असतो, हे वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगणाऱ्यांनीच बाहेर आल्यावर चिमट्याला तेवढा न्याय नाकारावा काय? 'असमतोल' हा दुसरा आक्षेप तर मर्ढेकरांनी केव्हाच निकालात काढला आहे. त्यांच्या लयतत्त्वांत संवाद आणि विरोध यांच्या जोडीला समतोल आहे. आणि समतोल म्हणजे डाव्यासारखे उजवे नव्हे.

(मोटारसायकल आणि साहित्य एकत्र आले की पिर्सिगचे नाव घेऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. तेव्हा तेही उरकतो. १९७४ च्या त्या पुस्तकात निवेदक मित्राच्या बीएमडब्ल्यूचे सैल हॅण्डल आवळायला बिअरच्या डब्याच्या पत्र्याचा तुकडा सुचवतो आणि मित्र दुखावतो. बहुतेक वाचक मित्राला हसतात. त्या मित्रालाही वस्तूचे कूळ दिसत होते, एवढे आम्ही त्याच्या वतीने नोंदवतो.)

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, आणि येथे आमचा स्वर अधिक कठोर आहे, कारण येथे प्रश्न माणसाच्या हाडांचा आहे. 'हलका होतो' हे विधान सर्वसाधारणपणे उलटे आहे. दोन बाहू जो वाक आणि पीळ वाटून घेतात तो एकट्याला सोसायचा असेल तर त्याचा छेद जाड हवा, चाकाचा आस जाड हवा, बेअरिंगे मोठी हवीत. तेवढाच ताठपणा मिळवायला धातू अधिक लागतो, आणि त्यातले बरेचसे वजन चाकाबरोबर खालीवर होणारे असते. ते शॉक अॅब्सॉर्बरला नको असते.

पण वजन ही किरकोळ गोष्ट. दुसऱ्या गाडीचा चिमटा आपल्या चासीत शिरतो तेव्हा त्याच्यासोबत त्या गाडीचे सगळे व्याकरण येते. त्याच्या खिळीची रुंदी वेगळी. म्हणजे लेथवर नवे बुश, नवा आस, नवे स्पेसर. त्याचे मागचे स्प्रॉकेट पुढच्याच्या रेषेत येत नाही. चेनची ही रेषा काही मिलिमीटर जरी चुकली तरी चेन आणि दाते कडेने खात जातात, आणि चेन उतरली तर ती चाकात अडकू शकते. स्प्रॉकेट सरळ करावे तर चाकाचा मध्य चासीच्या मध्यापासून सरकतो, मग पुढचे चाक एका रेषेवर आणि मागचे दुसऱ्या. मूळ टायरच्या जागी दीडपट रुंद टायर येतो. चेनचा ताण येथे विकेंद्री गाळा फिरवून साधतात, आणि तो फिरवला की चाकाची उंचीही किंचित बदलते. जुन्या गाडीला दोन बाजूंना दोन शॉक असतात. हा चिमटा एकाच शॉकसाठी घडलेला असतो. त्या शॉकचे वरचे टोक बांधायचे कोठे? चासीच्या ज्या नळीने असा भार कधी घेतलाच नव्हता तिच्यावर वेल्डिंग करून. वेल्डच्या कडेला धातूचा गुण बदलतो. तडा पुष्कळदा तेथूनच जातो आणि तो जातो तेव्हा मागे कोणीतरी बसलेले असू शकते. चिमट्याची लांबी बदलली की दोन चाकांतले अंतर बदलते. मागची बाजू उचलली गेली की पुढच्या फोर्कचा कोन बदलतो आणि हॅण्डलचा स्वभाव पालटतो. मागच्या ब्रेकची प्रतिक्रिया कोणत्या बिंदूवर घ्यायची हा प्रश्न निराळाच.

हे सगळे सोडवता येते. कुशल टर्नर आणि वेल्डर ते सोडवतात, आणि ज्यांनी सोडवले त्यांच्या कामाला आम्ही निःसंकोच रचना म्हणू. क्षेमेंद्राने औचित्यविचारात गळ्यात घातलेल्या मेखलेचे उदाहरण दिले आहे. मेखला खोटी नव्हती, सोने अस्सल होते; ज्या अंगावर ती चढवली त्याचा विचार झाला नव्हता. वरची सगळी मिलिमीटरांची यादी हा औचित्यविचारच आहे. 'शर्यतीचे तंत्र' म्हणणारा तो टाळतो, कारण त्याच्या मते उपयुक्तता त्या भागाच्या पोटातच असते आणि भाग बसवला की ती आपोआप गाडीत उतरते. संज्ञाप्रवाहाचे तंत्र चढवले की ग्रामीण कथा आपोआप आधुनिक होते असे मानणारे कथालेखक आमच्या वर्गात दरवर्षी भेटतात. त्यांना आम्ही गुण कमी देतो, येथे मात्र वाहवा करणारे प्राध्यापक आहेत.

भारतात तर आणखी एक बाब आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मर्यादा घातल्या आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा कडकपणे वाचली. चासी आणि चिमटा यांची अशी अदलाबदल करून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणे म्हणजे कायद्याशी गाठ घालणे आहे. 'सुधारणा केली आहे' हे समर्थन तेथेही चालत नाही.

आणि आता तर त्या समर्थनाचे मूळच उखडले आहे. २०२५ च्या पानिगाले व्ही४ वर डुकाटीने पुन्हा दोन बाहूंचा पोकळ चिमटा बसवला. कारण काय दिले? एकबाजू चिमटा कडेच्या दिशेने गरजेपेक्षा ताठ होता. गाडी वळणात पूर्ण कललेली असताना शॉक रस्त्याचे खड्डे नीट झेलू शकत नाही, तेव्हा चिमट्याने थोडे लवायला हवे. नवा चिमटा त्या दिशेने ३७ टक्के कमी ताठ असल्याचे कंपनी सांगते. चाहत्यांनी पुन्हा ओरड केली, जशी ९९९ च्या वेळी केली होती, आणि ओरडण्याचा त्यांना हक्क आहे. पण यापुढे जुन्या ९१६ चा चिमटा आपल्या गाडीला लावणाऱ्याने कामगिरीचे कारण सांगू नये. तो सुंदर दिसतो म्हणून लावला, असे त्याने सांगावे, आणि मग चेनची रेषा दाखवावी.