दम धरा

छातीत नळी घातलेला माणूस वॉर्डात चालीवरूनच ओळखू येतो. खांदा एका बाजूला झुकलेला आणि हातात नळीला जोडलेली पाण्याची बाटली, तीही कमरेच्या खाली धरलेली. बाटली छातीच्या वर गेली तर तिच्यातलं पाणी उलटं छातीत शिरायचं. रुग्णाच्या जवळ बसणाऱ्याला पहिल्या दिवशी एवढं एकच शिकवतात, आणि मग तो दिवसभर त्या बाटलीकडेच बघत बसतो.

आमच्या पिंपळगाव राजा गावचा माणूस या नळीपर्यंत पोचतो तो बहुधा मोटारसायकलवरून पडून, बैलाचं शिंग लागून, नाहीतर क्षयाने छातीत पाणी किंवा पू साठून. नळी पडते खामगावला, नाहीतर तिथून आणखी ५० किलोमीटरवर अकोल्याला. ती घालताना धावपळ होते आणि ती व्हायलाच हवी, कारण दाबलेलं फुप्फुस वाट बघत नाही. काढण्याचं तसं नसतं. ते काम अर्ध्या मिनिटाचं, म्हणून सकाळच्या राउंडमध्ये कुठेतरी बसवलं जातं.

माझ्या थोरल्या भावाची नळी अशीच निघाली. रुग्णालयाचं नाव इथे नको. ‘‘दम धरा, भाऊ,’’ सिस्टर म्हणाल्या. आता आमच्या वऱ्हाडात दम धरा म्हणजे थोडं थांबा. भाऊ थांबला, म्हणजे निवांत श्वास घेत राहिला. त्यांना म्हणायचं होतं श्वास कोंडा. नळी ओढली ती नेमकी तो श्वास आत घेत असताना. तो असा ओरडला की शेजारच्या खाटेवरचे काकाजी उठून बसले. दुखण्याचं इंजेक्शन आलं, पण नळी कचऱ्याच्या डब्यात गेल्यावर.

श्वासाचं एवढं महत्त्व का, ते कळायला बाटलीच उपयोगी पडते. आपण श्वास घेतो तेव्हा छातीच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो; बाटलीच्या नळीतलं पाणी श्वासागणिक वरखाली होतं ते त्यामुळेच. त्या क्षणी बरगड्यांमधलं भोक उघडं राहिलं तर हवा आत खेचली जाते आणि मोठ्या मुश्किलीने फुललेलं फुप्फुस पुन्हा दबू शकतं. म्हणून रुग्णाने श्वास कोंडून, शौचाला जोर लावावा तसा जोर लावायचा, एकाने नळी एका झटक्यात ओढायची आणि दुसऱ्याने त्याच क्षणी भोक दाबून आधीच घालून ठेवलेला टाका आवळायचा. दोन माणसं लागतात ती इथे.

पण श्वास भरून कोंडायचा की सोडून? यावर डॉक्टरांत जुना वाद आहे आणि दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. भरून कोंडा म्हणणारे सांगतात की छाती आधीच भरलेली असली की दुखलं तरी माणूस आणखी हवा ओढू शकत नाही. सोडून कोंडा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की तेव्हा आतल्या-बाहेरच्या दाबातला फरकच सर्वांत कमी असतो. अपघातातल्या रुग्णांच्या १०२ नळ्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही रीतींत फरक दिसला नाही. पुढे २०१३ मध्ये फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ३४२ रुग्णांची तुलना आली. त्यात श्वास भरून नळी काढलेल्यांपैकी ३२ टक्क्यांच्या छातीत नवी किंवा वाढलेली हवा दिसली, सोडून काढलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या. यातल्या बहुतेकांना त्या हवेचा त्रास झाला नाही, हेही सांगायला हवं. मला विचाराल तर पारडं श्वास सोडण्याकडे थोडं झुकतं, पण थोडंच. खरं वजन आहे ते रुग्णाकडून आधी तीन-चार वेळा सराव करून घेण्याला, त्याला कळेल अशा शब्दांत. ‘दम धरा’ हे ते शब्द नव्हेत.

दुखण्याच्या बाबतीत मात्र मी एका बाजूला आहे. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या ७४ रुग्णांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मॉर्फिन असो की साधं सूज उतरवणारं इंजेक्शन, ते पुरतं लागू पडेल इतका वेळ आधी दिलं, तर नळी काढताना दुखणं कमीच राहिलं. म्हणजे महागड्या औषधावाचून अडत नाही. घड्याळ बघावं लागतं. बर्फाची पिशवी ठेवून बघण्याचेही प्रयोग झाले, पण त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. चाळीस खाटांमागे दोन सिस्टर असतील तर हे कोणी आणि कधी करायचं, हा प्रश्न रास्त आहे आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण राउंडला ‘आज नळी’ असं ठरतं त्याच वेळी इंजेक्शन देऊन टाकलं आणि नळी राउंड संपल्यावर काढली, तर जास्तीचं माणूस लागत नाही. कामांचा क्रम तेवढा बदलतो.

नळी कधी काढायची, हा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. बाटलीतले बुडबुडे थांबलेले हवेत, एक्स-रेत फुप्फुस फुललेलं हवं, आणि दिवसभरात पडणारं पाणी कमी झालेलं हवं. किती कमी? पूर्वी १०० मिलिलिटरचा आग्रह असे. १००, १५० आणि २०० या तीन मर्यादांची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा २०० पर्यंत थांबूनही पाणी पुन्हा साठण्यात फरक पडला नाही. हे साध्या पाण्याचं. पू किंवा रक्त असेल तर हिशेब वेगळा. लवकर काढल्याचा फायदा उघड आहे. माणूस मोकळा श्वास घेतो, खोकून बेडका काढू शकतो, आणि जवळ बसणाऱ्याची बुडणारी मजुरी वाचते. ऐन सोयाबीन काढणीत दोन दिवस म्हणजे थोडे नव्हेत.

पण शहरातला रुग्ण त्याच संध्याकाळी घरी गेला आणि रात्री धाप लागली, तर रिक्षाने परत येतो. पिंपळगाव राजाच्या माणसाला आधी गाडी शोधावी लागते. १०८ ला फोन लावला तरी रुग्णवाहिका येणार, मग खामगाव, तिथे एक्स-रे, आणि गरज पडली तर पुढे अकोला. नळी काढल्यावर प्रत्येकाचा पुन्हा एक्स-रे काढायलाच हवा का, यावर दुमत आहे. त्रास नसेल तर नको, हे म्हणणं मला पटतं. मात्र ते पटतं ते माणूस नजरेसमोर असेपर्यंत. म्हणून नळी वेळेवर काढावी, पण लांबच्या गावच्या माणसाला ती रात्र वॉर्डातच ठेवावं. खाट अडते हे खरं, आणि दाराशी नवा अपघात येऊन पडलेला असतो तेव्हा हा सल्ला पाळणं सोपं नाही.

भावाला त्याच दिवशी सुट्टी मिळाली. डिस्चार्ज कार्डावर सगळं इंग्रजीत होतं. टाका कधी काढायचा, तो गावातल्या दवाखान्यात निघेल की परत यायचं, धाप लागली तर काय, यातलं काहीही त्यात नव्हतं. आठवड्यानंतर वहिनीनेच ड्रेसिंग उचलून बघितलं आणि मला फोन केला, ‘‘भाऊजी, हा काळा दोरा राहू द्याचा का काढाचा?’’