सकाळी गंगा, दुपारी अरण्य



काशीयात्रेचा बेत आखताना आपल्या घरांतून दिवसांची वाटणी बहुधा ठरलेली असते. पहिला दिवस विश्वेश्वराचे दर्शन आणि गंगापूजन यांचा, दुसरा पितरांच्या कार्याचा, तिसरा सारनाथ आणि बाजार यांचा. चौथ्या दिवशी परतीची गाडी. या वाटणीने वडीलधाऱ्या माणसांचे समाधान होते, यात शंका नाही. पण बरोबर आलेली मुले मात्र पुष्कळदा रांगा, गर्दी आणि धर्मशाळेची खोली एवढीच आठवण घेऊन घरी येतात. म्हणून या खेपेच्या सदरात आमची सूचना अशी आहे की, यात्रेत आणखी एक दिवस घालावा आणि तो सकाळी नदीला व दुपारी अरण्याला द्यावा.

समुद्रकाठी अशा सहली आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. मालवणास सिंधुदुर्गाच्या परिसरात डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून आणि तोंडात श्वासनळी धरून लोक पाण्यावर पालथे तरंगतात आणि खालची प्रवाळे व मासे पाहतात. अंदमानास गेलेली मंडळी सकाळी प्रवाळ पाहून दुपारी घनदाट वनात फिरून येतात. बरोबर माहीतगार वाटाड्या असतो आणि संध्याकाळपर्यंत पाणी व रान या दोन्ही सृष्टी डोळ्यांखालून जातात. काशीला समुद्र नाही आणि बेटही नाही. गंगेच्या गढूळ पाण्यात फार खोलवर दृष्टी पोहोचत नाही. तरीही असा एक दिवस तेथे साधता येतो, आणि त्यात पाहण्यापेक्षा समजून घेण्याचा भाग अधिक आहे.

आरंभ मुन्शी घाटावरून करावा. दशाश्वमेधाच्या दक्षिणेस अगदी थोड्या अंतरावर हा घाट आहे; मध्ये अहिल्याबाई घाट लागतो. दशाश्वमेधावरची दाटी येथे बरीच विरळ होते. मराठी वाचकाला या घाटाचे अगत्य वाटावे असे आणखी एक कारण आहे. नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधविला, म्हणून त्यास त्यांचे नाव मिळाले. लगतचा भाग १९१५ साली बिहारातील दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला. तो आज दरभंगा घाट म्हणून ओळखला जातो. नदीतून पाहिले म्हणजे दगडी बुरुजांचा तो उंच वाडा डोळ्यांत भरतो. आता त्यात हॉटेल आहे.

सूर्योदयापूर्वी अर्धा तास नावेत बसावे. काशीस गंगा उत्तरवाहिनी आहे, त्यामुळे सारे घाट पूर्वाभिमुख झाले आहेत. समोरच्या तीरावर वस्ती नाही, केवळ रेतीचे विस्तीर्ण पट्टे आहेत. सूर्य त्या मोकळ्या रेतीमागून वर येतो आणि त्याचे पहिले किरण थेट पायऱ्यांवर पडतात. नाव उत्तरेकडे वळवावी आणि मुलांना घाटांची नावे मोठ्याने वाचावयास सांगावी. अहिल्याबाई घाट, पुढे शिंदे घाट, त्यापलीकडे भोसले घाट: एवढ्यातच इंदूर, ग्वाल्हेर आणि नागपूर ही तीन राज्ये त्यांच्या ओळखीची होतील. अहिल्याबाईंनी विश्वनाथाचे मंदिर १७८० साली पुन्हा उभारले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. त्याच नावाच्या पायऱ्यांपासून हातभर अंतरावरून जाताना ती खरी वाटू लागते.

येथे एक आग्रहाची सूचना. शक्य असेल तर वल्ह्यांची नाव घ्यावी. यंत्राच्या नावा झपाट्याने जातात, पण त्यांच्या आवाजात ना नावाड्याचे बोलणे ऐकू येते, ना नदीचे. काशीचे नावाडी बहुतेक निषाद समाजाचे. पात्रात कोठे भोवरा आहे, कोठे रेती वर आली आहे, वारा फिरला की नाव कोणत्या कडेने न्यावी, हे ज्ञान त्यांच्या घरांत बापाकडून मुलाकडे आलेले असते. त्यांना केवळ भाडेकरी न समजता मार्गदर्शक समजावे. भाडे चढण्यापूर्वी स्पष्ट ठरवावे आणि एकदा ठरले की उतरताना घासाघीस करू नये. प्रत्येकाच्या अंगात, पोहता येणाऱ्याच्याही, जीवरक्षक जाकीट असलेच पाहिजे. पावसाळ्यात पाणी चढले की नावा बंद ठेवण्यात येतात. त्या काळी हा बेत करूच नये.

आता गढूळ पाण्याची गोष्ट. या पाण्यात राहणारा सर्वांत विलक्षण प्राणी म्हणजे गंगेतील डॉल्फिन. हिंदी प्रांतात त्यास सूंस म्हणतात. श्वासाच्या वेळी होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडले असे सांगतात. तो मासा नाही. आपल्यासारखाच सस्तन आहे आणि हवा घेण्यासाठी त्याला वारंवार वर यावे लागते. त्याच्या डोळ्यांत भिंग नाही. उजेड आणि अंधार यांपलीकडे त्याला जवळजवळ काही दिसत नाही. पण तो सूक्ष्म आवाज सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून भोवतालचे मासे, खडक व वळणे ओळखतो. ज्या पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही, तेथे त्याने कानांनी संसार मांडला आहे. पात्रात यंत्रांचा गलका वाढला की त्याला काय होत असेल, याची कल्पना यावरून करावी. अभ्यासकांनी पाण्याखाली ध्वनिमापक लावून पाहिले, तेव्हा यांत्रिक नावांच्या गोंगाटाने त्याच्या वर्तनात बदल होतो असेच दिसून आले.

भारत सरकारने २००९ साली या प्राण्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. २०२१ ते २०२३ या काळात देशातील नद्यांतून त्याची मोजणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२५ साली जाहीर झाले. गंगा, ब्रह्मपुत्रा व त्यांच्या उपनद्या मिळून संख्या ६,३२४ भरली. त्यांपैकी २,३९७ एकट्या उत्तर प्रदेशात आढळले. शहराच्या गजबजलेल्या घाटांसमोर मात्र तो क्वचितच दिसतो. नद्यांचे संगम आणि खोल डोह त्याच्या आवडीचे. ज्यांच्यापाशी आणखी एक सकाळ असेल त्यांनी काशीच्या खाली, कैथीजवळ गोमती गंगेला मिळते तेथे जावे आणि स्वस्थ बसून पाण्यावर नजर ठेवावी. काळसर पाठीची कमान क्षणभर वर येते आणि नाहीशी होते. छायाचित्र बहुधा साधत नाही. पाहिल्याची आठवण मात्र राहते.

याच पात्राची दुसरी गोष्ट तितकी सुखाची नाही. रामनगरच्या किल्ल्यापासून राजघाटाच्या मालवीय पुलापर्यंत सुमारे ७ किलोमीटरचा प्रवाह १९८९ साली कासवांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. १९८६ साली गंगा शुद्धीकरणाची जी योजना सुरू झाली, तिचाच हा एक भाग. पाण्यात सोडले जाणारे अर्धदग्ध अवशेष खाऊन कासवे नदी स्वच्छ ठेवतील, अशी अपेक्षा होती. सारनाथ येथे त्यांची पैदास करून हजारो पिले पाण्यात सोडण्यात आली. पुढे जलवाहतूक आणि नदीकाठची कामे यांना अभयारण्याचे निर्बंध आड येऊ लागले आणि २०२० साली या भागाचे संरक्षण काढून घेण्यात आले. त्याऐवजी प्रयागराज, मिर्झापूर आणि भदोही या जिल्ह्यांतील प्रवाह निवडण्यात आला. आपली नाव ज्या पाण्यावरून जाते ते पाणी अशा रीतीने ३१ वर्षे अभयारण्य होते; आज नाही.

नऊ वाजण्याच्या सुमारास नाव सोडावी, न्याहारी करावी आणि मोटारीने पलीकडचा तीर गाठावा. रामनगर व चकिया या मार्गाने चंद्रप्रभा अभयारण्य काशीपासून सुमारे ७० किलोमीटर पडते. चंदौली जिल्ह्यातून जाताना दोन्ही बाजूंस भातशेती दिसते. या भागाला भाताचे कोठारच म्हणतात. मग जमीन हळूहळू चढू लागते, विंध्याचे खडक डोके वर काढतात आणि झाडी दाट होते. हिंदी वाचकांच्या पिढ्यांना वेड लावणाऱ्या ‘चंद्रकांता’ या कादंबरीतले नौगढ याच डोंगरांत आहे. तिचे कर्ते देवकीनंदन खत्री यांनी या बाजूच्या जंगलांचे ठेके घेतले होते, आणि येथील दऱ्या व पडके किल्ले पाहूनच त्यांना आपल्या तिलिस्मी भुयारांची कल्पना सुचली असे म्हणतात.

अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ७८ चौरस किलोमीटर आहे. राजदरी आणि देवदरी हे दोन धबधबे येथील मुख्य आकर्षण. पावसाळा संपता संपता, आश्विन-कार्तिकात, ते भरून वाहतात. कडे न्याहाळून पाहावे. काशीचे घाट चुनारच्या वालुकाश्माने बांधलेले आहेत, आणि हा कडाही त्याच विंध्याच्या वालुकाश्माचा आहे. सकाळी ज्या दगडाच्या पायऱ्या उतरलो, त्याचेच सगेसोयरे दुपारी झाडांच्या मुळांत गुरफटलेले भेटतात. पाण्याचे नातेही असेच आहे. चंद्रप्रभा नदी कर्मनाशेला मिळते आणि कर्मनाशा चौसा गावाजवळ गंगेला.

कर्मनाशेचे नाव काढताच घरातील आजी कदाचित दचकतील, कारण हिच्या स्पर्शाने साठविलेले पुण्य नाहीसे होते अशी जुनी समजूत आहे. यात्रेकरूंना तिच्या पाण्यात पाय घालावा लागू नये म्हणून पुण्याच्या नाना फडणिसांनी तिच्यावर पूल बांधावयास घेतला होता. नदीच्या तळाच्या वाळूने पाया धरला नाही आणि काम अपुरे राहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात काशीचे राय पटनीमल यांनी ते तडीस नेले. आजींना ही हकीगत अवश्य सांगावी. जिचे पाणी अखेर गंगेतच जाते, तिची भीती किती धरावयाची, याचा निवाडा त्यांचा त्याच करतील.

आणि आता या अरण्याचे शल्य. हे अभयारण्य स्थापन झाले १९५७ साली आणि त्याच वर्षी गीरच्या जंगलातून एक सिंह व दोन सिंहिणी येथे आणून सोडण्यात आल्या. गीरमध्ये साथ आली तर आशियाई सिंहाचा वंशच बुडेल, म्हणून त्याला दुसरे घर असावे, हा त्यामागील विचार. प्रयोगास यश येऊ लागले. १९६५ च्या सुमारास सिंहांची संख्या ११ झाली. त्यानंतर ते दिसेनासे झाले. क्षेत्र लहान, भोवती गुरे राखणारी गावे आणि पद्धतशीर देखरेख नाही. शिकारीने व विषाने त्यांचा अंत झाला असावा असा बहुतेकांचा तर्क आहे. गीरच्या परिसरात २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले. चंद्रप्रभेत एकही नाही. येथून फार दूर नसलेल्या सारनाथी, चुनारच्याच दगडात घडलेले अशोकाचे चार सिंह मात्र उभे आहेत. आपल्या राजमुद्रेवर जे आहेत तेच.

त्या अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांची हत्या वर्ज्य केली, त्यांत ‘गंगापुपुटक’ असे एक नाव आहे. तो गंगेतील डॉल्फिनच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे राजाज्ञेने या जिवाला अभय मिळाल्यास सव्वादोन हजार वर्षे होऊन गेली. सिंहालाही आज्ञेचे अभय होते आणि कासवालाही. आज्ञा कागदावर राहते. तिचा अंमल नदीकाठच्या आणि रानाकडेच्या माणसांनी करावयाचा असतो. ज्या नावाड्याला सूंस दाखवून चार पैसे मिळतात, ज्या गावच्या तरुणाला जंगल दाखविण्याचे काम मिळते, तो त्यांचा राखणदार होतो. आपण वल्ह्यांची नाव घेतो, गावचाच वाटाड्या बरोबर घेतो, तेव्हा आपले भाडे कोणाच्या हाती जाते याचा विचार एवढ्यासाठीच करावयाचा.

अरण्यात चितळ, सांबर, नीलगाय आणि रानडुक्कर आढळतात; अस्वलेही आहेत. दिसतीलच असा हट्ट धरू नये. मुलांना ओल्या मातीतील पाऊलखुणा ओळखावयास शिकवावे. धबधब्याच्या कड्याशी शेवाळ फार असते, म्हणून डोहात उतरू नये आणि काठावर उभे राहून छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. घरची शिदोरी न्यावी, पण तिची पाने व पिशव्या परत आणाव्या. माकडांना काही घालू नये. ऊन उतरण्यापूर्वी परतीस लागावे, म्हणजे दिवेलागणीला काशी गाठता येते.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ या सहलीस उत्तम. धबधबे पाहावयाचे असतील तर दिवाळीची सुटी सर्वांत सोईची. वृद्ध मंडळींना दिवसभराचा प्रवास झेपणार नसेल, तर त्यांनी सकाळची नाव तेवढी घ्यावी आणि दुपारी विश्रांती घ्यावी. परतलेल्या मुलांनी त्यांना रानाची हकीगत सांगावी, आणि त्यांनी मुलांना काशीखंडातील एखादी कथा.