गोळीचे नाव जपून ठेवा

फिट, युरिक ॲसिड, सांधेदुखी किंवा एखाद्या जंतुसंसर्गासाठी नवी गोळी सुरू होते. एक ते चार आठवड्यांत ताप येतो, डोळे चुरचुरतात, तोंड येते, अंगावर लाल-काळपट चट्टे उठतात. घरात कुणी म्हणते उष्णता, कुणी म्हणते कांजिण्या. मात्र चट्ट्यांवर फोड येऊन भाजल्यासारखी कातडी सुटू लागली, तर तो ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’ असू शकतो. १९२२ मध्ये प्रथम नोंदवलेला हा आजार विरळा आहे, पण जीवघेणा. शरीरावरची ३० टक्क्यांहून अधिक त्वचा सुटली, तर साधारणपणे तिघांपैकी एक रुग्ण दगावतो.

यावर रामबाण औषध नाही. सर्वांत मोठा उपचार म्हणजे कारणीभूत गोळी लगेच थांबवणे. पुढची काळजी भाजलेल्या रुग्णासारखीच : सलाइन, ऊब, जखमांची निगा, पुरेसा आहार आणि पहिल्या दिवसापासून डोळ्यांची तपासणी. कातडी पुन्हा येते. गेलेली नजर अनेकदा येत नाही.

पण थांबवायचे काय? वॉर्डात विचारले, की उत्तर मिळते, ‘पांढरी गोळी होती.’ दुकानातून पट्टी कापून चार गोळ्या दिल्या जातात, नाव उरलेल्या तुकड्यावर राहते. चिठ्ठी नसते, बिलही नसते. मग उपचाराचे मोलाचे तास तर्क करण्यात जातात. शिवाय बरा झालेला रुग्ण वर्षभराने तीच गोळी पुन्हा घेऊ शकतो. तो दुसरा झटका अधिक घातक ठरू शकतो.

त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, ॲलोप्युरिनॉल किंवा सल्फाची गोळी लिहिताना डॉक्टरांनी ‘पुरळ किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी या’ एवढे सांगावे. फिटचे औषध असेल तर पर्यायी गोळी देता येते. म्हणून घरी बसून राहू नये. औषधविक्रेत्याने सुट्या गोळ्यांबरोबर नाव लिहून द्यावे. रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर त्या औषधाचे नाव लाल शाईने लिहावे आणि घटना राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला कळवावी. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णही ती कळवू शकतात.

आणि आपण? गोळ्या संपल्या तरी रिकामी पट्टी महिनाभर तरी फेकू नये.